बीटा टेस्टर व्हायचंय? व्हा की, पण दुकानाच्या मशीनवर नको

प्रश्न: नमस्कार. सोलापुरात पूर्व भागात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांत, बिलबुकं, मंडळांचे अहवाल असलं काम असतं. बारावीनंतर टायपिंग शिकले, कॉम्प्युटरची डिग्री नाही. घरात तेलुगू बोलतो, दुकानात मराठी, कन्नडही वाचता येतं. हल्ली गिऱ्हाईक मजकूर व्हॉट्सॲपवरच पाठवतं म्हणून लिब्रेऑफिस, म्हणजे ते वर्ड-एक्सेलसारखं फुकटचं सॉफ्टवेअर, वापरायला लागले आणि त्यात मराठीच्या बारीकसारीक अडचणी येतात. भाचा म्हणाला, नवं व्हर्जन यायच्या आधी कोणीही टेस्ट करू शकतं, मावशी तू कर. मला आवडेल. पण इंग्रजी कच्चं आहे. चांगलं मशीन एकच, जुनं विंडोज 7 वालं एक पडून आहे. मिस्टर म्हणतात फुकट कशाला राबायचं. त्यात टेलिग्रामवर मेसेज आलाय, 'घरबसल्या सॉफ्टवेअर टेस्टिंग, रजिस्ट्रेशन 999 रुपये', हे खरं असतं का? आणि मुलगी माझ्या फोनवर व्हॉट्सॲपचं बीटा, म्हणजे सगळ्यांसाठी अजून न आलेलं व्हर्जन, टाकू का म्हणून मागे लागलीय. काय करू?
— एक ताई, सोलापूर

ताई, नमस्कार.

आधी ते 999 रुपयांचं मिटवू, बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल. पैसे भरू नका. बाहेर न आलेलं सॉफ्टवेअर तपासायला माणसं लागतात तेव्हा गरज त्यांना असते, त्यामुळे रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, आयडी कार्ड असल्या नावाने टेस्टरकडूनच पैसे मागत असतील तर ते टेस्टिंग नाहीच. यांचा ठरलेला डाव असा असतो की सुरुवातीला एखादं ॲप उघडा, स्टार द्या, स्क्रीनशॉट पाठवा म्हणतात, शे-दोनशे रुपये खरंच खात्यावर टाकतात, आपला विश्वास बसला की मोठ्या टास्कसाठी आधी रक्कम भरायला लावतात आणि ती गेली ती गेलीच. लिंकवरून एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरनं ॲप बसवायची फाइल, टाका म्हणाले तर अजिबात टाकू नका. तुमच्या धंद्यात तर हे जास्तच जपायला हवं, कारण लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके पाठवून लोकांचे फोन ताब्यात घ्यायचे प्रकार होऊन गेलेत, पोलिसांनी त्याबद्दल सावध केलंय. तुमच्या गिऱ्हाइकांनाही सांगत चला की आमच्या दुकानातनं पत्रिका पीडीएफ नाहीतर फोटो म्हणूनच येते, दुसरं काही आलं तर उघडू नका. आणि चुकून पैसे भरून झाले असतील तर आत्ता लगेच 1930 ला फोन लावा, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे, जितक्या लवकर सांगाल तितकी रक्कम अडवता यायची शक्यता जास्त.

आता मुख्य मुद्दा. टेस्टर व्हायचं का? व्हा. मला तर तुमचं पत्र वाचून आनंद झाला, कारण मराठीत रोज काम करणारी, तेही तीन लिप्या वाचणारी माणसं या कामात फार कमी येतात. येतात ते बहुतेक कॉलेजची मुलं, ती नवं व्हर्जन टाकतात, दोन दिवस फिरवून बघतात आणि सोडून देतात. नवं व्हर्जन नुसतं टाकून कोणाचा काहीच फायदा होत नाही हो. काय बिघडलंय ते ओळखणं आणि दूर बसलेल्या अनोळखी माणसाला त्याच्या मशीनवर तेच बिघडवून बघता येईल असं सांगणं, एवढंच टेस्टरचं काम. आणि तुम्ही दुकानात प्रूफ वाचता तेव्हा हेच करता, हजार प्रती निघायच्या आधी वधूपित्याच्या नावातली चुकलेली वेलांटी कोणाला तरी दिसावी लागते, आणि ती कुठल्या ओळीत आहे हे मशीनवाल्याला नेमकं सांगावं लागतं. डिग्री कोणी विचारत नाही. लिब्रेऑफिसच्या सगळ्या तक्रारी बगझिला नावाच्या ठिकाणी नोंदवल्या जातात, तिथे खातं काढायला ईमेल लागतो बास. मात्र दुकानाचा ईमेल देऊ नका, वेगळा काढा, कारण तो इतरांना दिसू शकतो.

वेळेचं गणितही तुमच्या बाजूने आहे. लिब्रेऑफिसचं मोठं व्हर्जन वर्षातनं दोनदा येतं, फेब्रुवारीच्या आणि ऑगस्टच्या सुमाराला, म्हणून तर 24.2, 24.8, 25.2, 25.8 असे नंबर असतात, पहिला आकडा वर्षाचा आणि दुसरा महिन्याचा. फेब्रुवारीवालं तपासायची वेळ म्हणजे डिसेंबर-जानेवारी, तेव्हा लग्नसराई आणि त्यातच गड्ड्याची यात्रा, तुम्हाला मान वर करायला वेळ नसणार, ते सोडून द्या. ऑगस्टच्या व्हर्जनची आधी बीटा आणि मग आरसी, म्हणजे बीटाच्या पुढची, जवळजवळ तयार झालेली आवृत्ती, अशा दोन्ही जून-जुलैत येतात. आषाढी झाली की तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाहीत, पत्रिकांचं काम उतरलेलं असतं. तो काळ यासाठी धरा.

बघायचं काय, तर तुम्हाला रोज जे टोचतं तेच. नवीन मेनू कसा दिसतो, रंग बदलले का, हे बघणारे हजार लोक आहेत. पण आपल्या अक्षरांकडे बघणारं कोणी नसतं. काही जागा सांगते, तुमच्या कामातल्याच आहेत.

'वऱ्हाडी', 'दुसऱ्या', 'कऱ्हाड' यातला तो अर्धा र घ्या. तो दोन पद्धतीने टाइप होतो. एक म्हणजे नुक्ता असलेला ऱ आणि त्याला हलन्त, दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि त्याच्यामागे डोळ्याला न दिसणारं एक जोडचिन्ह. कागदावर दोन्ही अगदी सारखेच, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. गिऱ्हाइकाने फोनवरनं पाठवलेला 'वऱ्हाडी' आणि तुम्ही दुकानात टाइप केलेला 'वऱ्हाडी' एका फाइलमध्ये खालीवर ठेवा आणि शोधून बघा, दोन्ही सापडतात का? स्पेलचेक एकाखाली लाल रेघ मारतंय आणि दुसऱ्याला सोडतंय असं होतंय का? तसंच 'ॲड.' चं. आपल्याकडे पत्रिकेत निमंत्रक म्हणून एखादे वकीलसाहेब असतातच. ॲ हे सुटं अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी ठरवलेल्या अक्षरांच्या यादीत, आलं 2008 साली, त्याच्या आधी लोक अ वर चंद्र देऊन लिहायचे आणि अजूनही कित्येक जण तसंच लिहितात, म्हणजे इथेही दिसायला एक आणि आत दोन. पत्रिकेत पन्नास नावं असली आणि तुम्ही सगळीकडे 'ॲड.' बदलायला गेलात की निम्मे वकील तसेच राहतात, हा त्रास तुम्हाला झाला असेलच.

निमंत्रितांची यादी कॅल्कमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिसच्या एक्सेलसारख्या भागात, आडनावाने लावून बघा. मराठीत ळ हा ह च्या नंतर, आणि क्ष, ज्ञ सगळ्यात शेवटी. तुमच्या यादीत क्षीरसागर मंडळी कांबळे-कुलकर्णींच्या शेजारी येऊन बसली तर भाषा मराठी निवडलेली असताना तसं झालं का हे तपासा आणि नोंद करा. ल आणि श यांचं मराठी वळण हिंदीपेक्षा वेगळं असतं हे तुम्हाला मी सांगायला नको, काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं भरलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी ठेवली की मराठी वळण यायला पाहिजे. ते पडद्यावर येतं का, पीडीएफ काढल्यावर टिकतं का, प्रिंटमध्ये काय होतं, हे तीन ठिकाणी बघायचं.

आणि सोलापूरच्या माणसाशिवाय कोणाच्या सहसा लक्षात येणार नाही अशी एक गोष्ट आहे. आपल्याकडे एकाच पत्रिकेत मराठी आणि तेलुगू, नाहीतर मराठी आणि कन्नड असतंच. लिब्रेऑफिस अक्षरांचे तीन गट करतं, इंग्रजीसारख्या लिप्यांचा एक, चिनी-जपानी वगैरेंचा दुसरा, आणि आपल्या सगळ्या लिप्या तिसऱ्यात, ज्याला तिथे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट म्हणजे सीटीएल म्हणतात. म्हणजे देवनागरी, तेलुगू, कन्नड तिघांना मिळून फॉन्टची जागा एकच. तुम्ही मराठी फॉन्ट निवडला आणि त्यात तेलुगू अक्षरंच नसली तर प्रोग्राम दुसऱ्या कुठल्या तरी फॉन्टमधनं ती आणतो. मग ओळींची उंची मधेच उडते का, तेलुगूचे वत्तू, म्हणजे अक्षराखाली जोडली जाणारी अक्षरं, कापले जातात का, बोल्ड केलेलं बोल्ड राहतं का, हे सगळं बघण्यासारखं आहे. बर्लिनला नाहीतर बुडापेस्टला बसून कोड लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर अशी पत्रिका कधी आलेलीच नसते, त्यामुळे त्याला ते सुचणारच नाही, आणि तुमच्या समोर मात्र सीझनमध्ये रोज एक येते. म्हणून म्हणते की तुम्ही यात या.

एक मात्र ध्यानात ठेवा, त्रास होतोय म्हणजे बगच, म्हणजे सॉफ्टवेअरमधला दोषच, असतो असं नाही. याच तीन गटांमुळे इंग्रजीचा साइज 14 आणि मराठीचा 12 असं होतं, ते सेटिंग आहे, फॉन्टच्या खिडकीत दोन्हीची वेगळी जागा असते. जुन्या श्रीलिपी-कृतिदेवमधला मजकूर पेस्ट केल्यावर कचरा दिसतो तोही बग नाही, त्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी किंवा भलतेच कोड असतात आणि वर मराठी आकार चढवलेले असतात. हे तुम्हाला माहितीच आहे, पण नवीन माणसं यावरच तक्रारी टाकतात आणि तपासणाऱ्याचा वेळ जातो.

आता मशीन. ज्या मशीनवर पोट आहे त्यावर अर्धवट तयार झालेलं सॉफ्टवेअर टाकायचं नाही. लिब्रेऑफिसची बीटा आणि रोजच्या रोज निघणारी आवृत्ती 'लिब्रेऑफिसडेव्ह' या नावाने तुमच्या नेहमीच्या शेजारी वेगळी बसते, तिची सेटिंगही वेगळी राहते, त्यामुळे तसा धोका कमी आहे, पण आरसी टाकलीत की ती नेहमीच्या व्हर्जनच्या जागीच बसते आणि सीझनच्या तोंडावर असं काही होऊन बसलं तर गिऱ्हाइकाला काय सांगणार? जुनं मशीन पडून आहे म्हणालात ना, तेच यासाठी काढा. फक्त लिब्रेऑफिस 25.8 पासून विंडोज 7 आणि 8 वर चालत नाही, त्यामुळे आहे तसं नाही चालणार. रॅम 4 जीबी असेल तर भाच्याला त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकायला सांगा, फुकट आहे आणि जुन्या मशीनवर बरं चालतं, एका दुपारचं काम. त्यावरचं जुनं काम असेल ते आधी पेनड्राइव्हवर काढून घ्या, आणि काढलेलं दुसऱ्या मशीनवर उघडतंय ना ते बघूनच मिंट टाका. आपलं मशीन जुनं म्हणून कमीपणा वाटून घेऊ नका, सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे दणकट मशीन असतात आणि तीस पानांचा मराठी अहवाल हळू मशीनवर उघडायला किती वेळ लागतो हे त्यांना तुमच्याकडनंच कळतं. मधेच लाइट गेली तर परत चालू केल्यावर फाइल रिकव्हर होते का, मराठी मजकूर जसाच्या तसा येतो का, तेही बघा. कुठलीही मूळ फाइल नव्या व्हर्जनमध्ये उघडून सेव्ह करायची नाही, कॉपीच घ्यायची.

भाचा उत्साहात विंडोजचं इन्सायडर, म्हणजे खुद्द विंडोजचीच तयार होत असलेली आवृत्ती, टाकूया म्हणेल, त्याला नको म्हणा. 2014 पासून मायक्रोसॉफ्ट ते चालवतंय आणि ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी ठीक आहे, पण त्यातल्या अगदी कच्च्या आवृत्त्यांवरनं परत यायचं झालं की बहुतेक वेळा अख्खं विंडोज नव्याने टाकावं लागतं.

आता तक्रार लिहायची कशी, कारण खरा कस इथेच लागतो. 'मराठी नीट येत नाही' असं लिहिलं तर वाचणारा काय करणार बिचारा? तुम्ही असं लिहा. समजा तो 'वऱ्हाडी'चाच घोळ तुम्हाला रायटरमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिसच्या वर्डसारख्या भागात, दिसला. मथळा: 'रायटरमध्ये शोधताना मराठीतला अर्धा र एका पद्धतीने लिहिलेला सापडतो, दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला सापडत नाही'. मग काय केलं ते ओळीने: एक, सोबत जोडलेली फाइल उघडली, तिच्यात वऱ्हाडी हा शब्द दोनदा आहे. दोन, कंट्रोल-एफ दाबलं. तीन, पहिल्या ओळीतला शब्द कॉपी करून शोधायच्या चौकटीत टाकला. चार, सगळे शोधा दाबलं. व्हायला काय हवं होतं: दोन्ही शब्द निवडले जावेत. झालं काय: एकच निवडला गेला. किती वेळा होतं: दरवेळी. आधीच्या व्हर्जनमध्ये: तिथेही असंच होतं, किंवा नव्हतं. शेवटी व्हर्जनची माहिती, ती हेल्पमधल्या अबाउटमध्ये असते, शेजारच्या बटणाने कॉपी करून जशीच्या तशी चिकटवायची.

यातलं 'आधीच्या व्हर्जनमध्ये होतं का' हे वाक्य सोन्याचं आहे. कालपर्यंत नीट चालणारं आज बिघडलं असं तुम्ही दाखवून दिलंत तर दोन व्हर्जनच्या मधल्या बदलांमध्येच शोधावं लागतं, दुरुस्त करणाऱ्याचं निम्मं काम होतं. तुमच्याकडे दुकानातल्या मशीनवर जुनं व्हर्जन आहेच, तिथे तेच करून बघायचं. आणि तक्रार टाकायच्या आधी हेल्पमधनं सेफ मोडमध्ये परत चालू करून बघा, तिथे अडचण गायब झाली तर दोष बहुधा तुमच्या सेटिंगमध्ये किंवा एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये आहे. एका नोंदीत एकच अडचण, चार असल्या तर चार नोंदी. आधी कोणी तेच लिहिलंय का हेही शोधा, लिहिलेलं असेल तर नवीन न टाकता तिथेच खाली लिहा की मलाही होतंय, अमुक व्हर्जन, अमुक मशीन.

सोबत फाइल जोडताना मात्र डोळ्यात तेल घाला. बगझिलावर जोडलेलं सगळं जगाला दिसतं, कायमचं. गिऱ्हाइकाची पत्रिका, त्यातली नावं, घरचा पत्ता, मोबाइल नंबर, हे तिथे जाता कामा नये. लोकांनी ते तुमच्या भरवशावर दिलेलं असतं. म्हणून जो शब्द किंवा जी ओळ बिघडतेय तेवढीच ठेवून नवीन छोटी फाइल करा, नावं काल्पनिक टाका. अडचण दोन ओळींच्या फाइलमध्ये दाखवता आली तर तपासणाऱ्यालाही बरं पडतं, चाळीस पानं कोण चाळणार.

नोंद टाकली की ती 'अनकन्फर्म्ड' म्हणून पडून राहते, दुसऱ्या कोणी आपल्या मशीनवर तेच घडवून बघितलं की ती 'न्यू' होते. कधी कधी 'नीडइन्फो' असं लावून काही विचारतात, त्याला उत्तर द्यायला विसरू नका, काही महिने उत्तर आलं नाही की नोंद बंद करून टाकतात आणि मेहनत वाया जाते. दुरुस्ती कधी होईल? कधी आठवड्यात होते, कधी वर्षं जातात, मराठीच्या अडचणींना जास्त वेळ लागतो हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. म्हणून माझं मत असं की सुरुवात दुसऱ्यांच्या नोंदी तपासण्यापासून करा. तेलुगू, कन्नड, हिंदी, मराठीच्या कितीतरी तक्रारी फक्त कोणीतरी 'हो, मलाही असंच होतं' किंवा 'नव्या व्हर्जनमध्ये आता होत नाही' असं सांगण्यासाठी अडून असतात, आणि तेलुगू वाचता न येणारा माणूस ते सांगूच शकत नाही. यातनं नोंद कशी लिहितात तेही आपोआप अंगवळणी पडेल.

इंग्रजीची भीती काढून टाका. बगझिलावर इंग्रजीतच लिहावं लागतं हे खरं, पण तिथे छान भाषेला मार्क नाहीत. वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांची स्वतःची भाषा जर्मन, हंगेरियन, फ्रेंच असली काहीतरी असते, त्यांना छोटी सरळ वाक्यंच बरी पडतात. आधी मराठीत लिहून काढा, एका वाक्यात एकच क्रिया ठेवा, मग ट्रान्सलेटमध्ये टाका. लांब वाक्य टाकलं की भाषांतर भरकटतं, 'फाइल उघडली', 'हा शब्द निवडला', 'बोल्ड दाबलं' असली वाक्यं भरकटत नाहीत. मेनूतली नावं मात्र पडद्यावर इंग्रजीत जशी आहेत तशीच टाइप करा. आणि स्क्रीनशॉटवर बिघडलेल्या अक्षराभोवती लाल गोल काढा, कारण ज्याला देवनागरी वाचता येत नाही त्याला नीट 'ऱ्या' आणि बिघडलेला 'ऱ्या' सारखाच दिसणार, त्याच्या शेजारी बरोबर कसं दिसायला हवं तेही चित्र ठेवा.

मिस्टरांचा प्रश्न चुकीचा नाही. यात पैसे मिळत नाहीत, आणि याच्यावरनं पुढे नोकरी लागेल असंही मी सांगणार नाही. कोणाला पैशासाठीच करायचं असेल तर युटेस्टसारख्या जागा वेगळ्या असतात, तिथे स्वीकारलेल्या बगला पैसे देतात आणि नाव नोंदवायला काही भरावं लागत नाही, पण तिथे काम मिळेलच असं नसतं. मला स्वतःला फुकटच्या टेस्टिंगमध्ये एक फरक महत्त्वाचा वाटतो. लिब्रेऑफिस 2010 पासून एक संस्था आणि जगभरचे लोक मिळून चालवतात, ते तुम्ही पैसे न देता धंद्यात वापरता, त्यात मराठी सुधारलं तर पहिला फायदा तुमच्याच दुकानाला, तिथे आठवड्यातनं दोन-तीन तास देणं मला पटतं. मोठ्या कंपनीचं सॉफ्टवेअर असेल तर तिच्याकडे पगारी माणसं आहेत, तिथे आपण वापरतो त्यातली अडचण कळवावी आणि आपल्या कामाला लागावं, त्यांच्यासाठी रात्री जागू नये. मिस्टरांना हे असंच सांगा, आणि तास आधीच ठरवून घ्या, म्हणजे जेवायच्या वेळेला वाद नको. एक आहे की तुमच्या नोंदी तुमच्या नावावर उघड राहतात, उद्या कोणाला दाखवायच्या झाल्या तर दाखवता येतात.

मुलीला व्हॉट्सॲपच्या बीटासाठी नाही म्हणा. तुमची ऑर्डर, गिऱ्हाइकाचा मजकूर, प्रूफचं ओके, सगळं त्याच फोनवर येतं. तसंही त्या बीटातली जागा बहुतेक वेळा भरलेलीच असते. आधीच टाकलं असेल तर चॅटचा बॅकअप घ्या, प्ले स्टोअरवर त्या ॲपच्या पानावर खाली जाऊन बीटामधनं बाहेर पडा, ॲप काढा आणि साधं परत टाका. यूपीआय आणि बँकेच्या ॲपचं बीटा तर कुठल्याच फोनवर नको, घरात कोणाच्याही. तिला खरंच करायचं असेल तर तिच्या फोनवर फायरफॉक्सचं नाइटली टाकू दे, ते नेहमीच्या फायरफॉक्सपेक्षा वेगळं ॲप म्हणून बसतं, त्याची रोज नवी आवृत्ती येते, मराठी बातम्या वाचताना अक्षरं कुठे तुटतात ते तिला दिसेल.

आणि एक, भाचा किंवा त्याचे मित्र स्वतःचं ॲप बनवत असतील तर तिथे तुम्ही दोघी आजच उपयोगी पडाल. गूगलने नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक डेव्हलपर खात्यांना अट घातलीय की ॲप सगळ्यांसाठी खुलं करायच्या आधी टेस्टर लागतात, सुरुवातीला वीस लागायचे, डिसेंबर 2024 पासून बारा, आणि ते सलग 14 दिवस टेस्टमध्ये असायला हवेत. मुलं मग एकमेकांची ॲप नुसती टाकून ठेवतात, उघडतसुद्धा नाहीत. तुम्ही उघडा, आपलं नाव जोडाक्षरासकट मराठीत टाइप करा, फोनचा फॉन्ट मोठा करून बघा, आणि काय झालं ते त्याला लिहूनच द्या, तोंडी नको. बीटात असताना प्ले स्टोअरवर दिलेला अभिप्राय फक्त बनवणाऱ्यालाच दिसतो, त्यामुळे त्याला वाईट वाटेल म्हणून हातचं राखून लिहू नका. आणि बंद गटातली टेस्ट असेल तर तिचे स्क्रीनशॉट महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत, तेवढा शब्द पाळायचा.

तर भाच्याला या रविवारी जुन्या मशीनवर बसवा. पहिली नोंद लिहून झाली की बगझिलावर टाकायच्या आधी मला पाठवा, मराठीत असली तरी चालेल, इंग्रजी आपण दोघी मिळून करू. फाइल जोडणार असाल तर त्यात कोणाचं खरं नाव-नंबर राहिलेलं नाही ना, तेवढं मला पाठवायच्या आधीसुद्धा बघून घ्या.